तिसरे अणुव्रत आणि परदेशी मफलर

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी दान, शील, तप या विषयांवरील व्याख्याने ऐकण्याची सर्वांना सवय आहे. त्या मालिकेत परदेशातून येणारे मफलर, स्कार्फ आणि हातमोजे यांच्या आयातीचे नियम हा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. परंतु श्रावकाच्या अणुव्रतांचा बराचसा कस दुकानाच्या गादीवरच लागतो. तिसऱ्या अणुव्रताचे, म्हणजे स्थूल अदत्तादान विरमण व्रताचे, पाच अतिचार प्रतिक्रमणाच्या वेळी स्मरले जातात. चोरीचा माल घेणे, चोरी करणाऱ्यास साहाय्य करणे, राज्याच्या नियमांविरुद्ध व्यवहार करणे, खोटी वजने-मापे वापरणे आणि चांगल्या वस्तूच्या जागी तिच्यासारखी दिसणारी हलकी वस्तू खपविणे, असे ते पाच अतिचार होत. श्वेतांबर व दिगंबर परंपरांत त्यांची नावे आणि क्रम थोडे भिन्न असले तरी आशय एकच आहे. आयातीचे नियम समोर ठेवून ही यादी पुन्हा वाचली, तर बहुतेक नियम यांपैकी कोणत्या ना कोणत्या अतिचारास आळा घालणारे आहेत, असे दिसून येते. हाच या व्याख्यानाचा गाभा आहे.

दोन गावांची बाजारपेठ

शिरूर, जुन्या मंडळींच्या तोंडची घोडनदी, हे पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील गाव. येथे रेल्वे नाही. कापडाच्या गाठी पूर्वीपासून रस्त्यानेच येतात. दौंड हे भीमेच्या काठचे रेल्वे जंक्शन. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग आणि मनमाडकडे जाणारा फाटा येथे मिळतात. दोन्ही गावांतील कापड दुकानदार मुंबईच्या मूळजी जेठा व मंगलदास मार्केटशी, तसेच सुरत, लुधियाना, तिरुप्पूर आणि सोलापूरशी वर्षानुवर्षे व्यवहार करीत आले आहेत. शाल, चादर, मफलर, कानटोपी हा माल हिवाळ्यापुरता असे.

हे चित्र आता पालटले आहे. शिरूर तालुक्यातील रांजणगाव आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे सकाळ-संध्याकाळ दुचाकीवरून ये-जा करणाऱ्यांची संख्या वाढली. ऊन आणि धूळ यांपासून बचाव करण्यासाठी तरुणी तोंडाला स्कार्फ बांधतात व हातांत लांब मोजे घालतात. त्यामुळे या मालाला बारमाही मागणी आहे. पॉलिएस्टर, ॲक्रिलिक आणि नायलॉन यांचा हा माल स्वस्त, हलका आणि रंगीत असतो. त्यातील पुष्कळसा भारतातच तयार होतो; काही परदेशांतून, विशेषतः चीनमधून येतो. ग्राहकाला दोहोंतील फरक कळत नाही. दुकानदाराने तो जाणून घेणे मात्र आवश्यक आहे.

दार केव्हा आणि कसे उघडले

एकेकाळी परदेशी कापड हे आकर्षणही होते आणि भीतीही होती. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळे बाजारात दिसणारा परदेशी माल बहुधा चोरवाटेने आलेला असे. जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेनंतर परिस्थिती बदलली. भारताने आयातीवरील उरलेले संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठविले आणि तयार कपड्यांसह शेकडो वस्तूंचा मार्ग मोकळा झाला. पुढे १ जानेवारी २००५ पासून जागतिक वस्त्रव्यापारातील कोटा पद्धतीही संपुष्टात आली.

हे दार उघडताना शासनाने दोन पहारेकरी उभे केले. नोव्हेंबर २००० मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने आयात होणाऱ्या पॅकबंद मालावर देशी मालाप्रमाणेच तपशील छापणे बंधनकारक केले. मे २००१ मध्ये कापड व कापडी वस्तूंमधील घातक रंगांच्या तपासणीची पद्धत जाहीर झाली. म्हणजे माल स्वतंत्रपणे येऊ लागला त्याच सुमारास त्याने सत्य सांगावे आणि अपाय करू नये, या दोन अटीही आल्या. त्या अटी आजही लागू आहेत.

वस्तूची खरी ओळख

आयातीचा पहिला प्रश्न असा की ही वस्तू नेमकी कोणती? प्रत्येक वस्तूला सीमाशुल्काच्या दरपत्रकात एक क्रमांक असतो व त्याचे पहिले सहा अंक जगभर समान असतात. येथे मराठी भाषेमुळे एक घोटाळा संभवतो. मागावर तयार झालेल्या कापडालाही 'विणलेले' म्हणतात आणि सुयांवर टाके घालून केलेल्या स्वेटरलाही 'विणलेले' म्हणतात. दरपत्रकाच्या दृष्टीने ही दोन निराळी कुळे आहेत. टाक्यांच्या, म्हणजे होजिअरी पद्धतीच्या वस्तू ६१ व्या प्रकरणात येतात. मागावरच्या ६२ व्या प्रकरणात. होजिअरी पद्धतीची शाल, स्कार्फ, मफलर ६११७ या शीर्षाखाली, तर मागावरची शाल किंवा स्कार्फ ६२१४ खाली. होजिअरीचे पायमोजे ६११५ मध्ये, हातमोजे ६११६ मध्ये आणि कानटोपी मात्र या प्रकरणात न बसता ६५०५ मध्ये, टोप्यांच्या कुळात जाते. एकाच खोक्यात मफलर, हातमोजे आणि कानटोपी असा संच आला तर 'मफलर' एवढेच लिहून भागत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

ओळख पटविणे अवघड नाही. भिंगाखाली पाहिल्यास मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे काटकोनात दिसतात. होजिअरीत एकमेकांत गुंतलेले फास दिसतात. होजिअरीचा कपडा ताणला की लांबतो.

दुसरी ओळख धाग्याची. मिश्र धाग्याच्या वस्तूत ज्या धाग्याचे वजन अधिक, त्यानुसार वर्गीकरण होते. साठ टक्के ॲक्रिलिक आणि चाळीस टक्के लोकर असलेला मफलर कायद्याने कृत्रिम धाग्याचा ठरतो, मग त्यावर मेंढीचे चित्र असो की बर्फाच्छादित शिखराचे. कापडाच्या व्यापारात वाढलेल्यांना जाळून पाहण्याची कसोटी परिचित आहे. लोकर व रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. सुती व व्हिस्कोस धागा कागदासारखा जळतो. पॉलिएस्टर आक्रसून वितळते आणि टोकाशी कठीण मणी उरतो. ॲक्रिलिक झपाट्याने पेटून काळा, वेडावाकडा गोळा मागे ठेवते. ही कसोटी प्राथमिक आहे. मिश्रणाची नेमकी टक्केवारी प्रयोगशाळेतच कळते.

जैन समाजाला या ओळखीचे महत्त्व अधिक आहे. रेशमाच्या निर्मितीत कोशातील जीवांची हिंसा होते म्हणून रेशीम वर्ज्य करणारी अनेक कुटुंबे आहेत. काहीजण लोकरही टाळतात. 'आर्ट सिल्क' या नावाखाली पॉलिएस्टर किंवा व्हिस्कोस विकले जाते, तसेच कधी उलटही घडू शकते. व्रतस्थ ग्राहक दुकानदाराच्या शब्दावर विसंबतो. चुकीचे लेबल लावून विकणे हा कायद्याने ग्राहकाची फसवणूक करणारा व्यवहार आहे. तिसऱ्या व्रताच्या भाषेत तोच प्रतिरूपक व्यवहार होय आणि येथे त्याच्या जोडीला कोणाच्या तरी पच्चक्खाणाचा भंगही होतो.

बंदरावरील कागद

आयात करू इच्छिणाऱ्याला प्रथम विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात संकेतांक लागतो. वस्तू व सेवा कर आल्यानंतर, २०१७ पासून, पॅन क्रमांक हाच संकेतांक म्हणून दिला जातो. मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तपशील अद्ययावत करावा लागतो. बँकेचा ए. डी. कोड सीमाशुल्क विभागाकडे नोंदवावा लागतो. पुणे जिल्ह्यातील व्यापाऱ्याचा समुद्रमार्गे येणारा माल बहुधा न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात उतरतो. जिल्ह्यातच तळेगाव आणि दिघी येथे अंतर्देशीय कंटेनर आगारे आहेत.

माल येण्यापूर्वी सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ४६ नुसार बिल ऑफ एंट्री संगणकीय प्रणालीवर दाखल करावे लागते. त्यासोबत विक्रेत्याचे बीजक, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, विम्याचे कागद आणि आवश्यक ती प्रमाणपत्रे जोडावी लागतात. २०११ पासून शुल्काची आकारणी प्रथम आयातदारानेच करावयाची असते. कायदा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून सुरुवात करतो. ऑक्टोबर २०२० अखेर देशभर लागू झालेल्या व्यवस्थेत कागद तपासणारा अधिकारी दुसऱ्याच बंदरात बसलेला असू शकतो. तेथे ओळख-पाळख चालत नाही. कागदात जे लिहिले असेल तेच आयातदाराच्या वतीने बोलते. परवानाधारक कस्टम ब्रोकरची मदत जरूर घ्यावी, पण कागदातील असत्याची जबाबदारी त्याच्यावर ढकलून आयातदार मोकळा होत नाही.

आता मूल्याचा प्रश्न. शुल्क आकारताना वस्तूची किंमत, जहाजभाडे आणि विमा मिळून होणारे मूल्य धरतात. भाडे ठाऊक नसेल तर मालाच्या मूळ किमतीच्या २० टक्के आणि विमा ठाऊक नसेल तर १.१२५ टक्के धरण्याचा नियम आहे. समजा, प्रत्येकी २०० रुपये मूल्याचे ५०० स्कार्फ आले. एकूण मूल्य १,००,००० रुपये. मूळ सीमाशुल्क २० टक्के धरल्यास २०,००० रुपये. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार २,००० रुपये. बेरीज १,२२,००० रुपये. त्यावर एकात्मिक वस्तू व सेवा कर ५ टक्के, म्हणजे ६,१०० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांना व तत्सम वस्तूंना ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के असा दर आहे. सर्व मिळून माल १,२८,१०० रुपयांना पडला. यांतील ६,१०० रुपये नियमित करदात्याला पुढे वजा मिळतात. परंतु २२,००० रुपये हा खरा खर्च आहे. नगामागे ४४ रुपये.

येथेच मोह उभा राहतो. परदेशी विक्रेता सहज म्हणतो, "बीजक निम्म्याचे देतो, उरलेले दुसरीकडून द्या." २०० चा स्कार्फ १०० चा दाखविला की नगामागे २२ रुपये वाचतात. शेजारच्या दुकानापेक्षा २२ रुपये स्वस्त विकता येते आणि ग्राहक तिकडे वळतो. व्याख्यानात नियम सांगणे सोपे असले तरी सचोटीने वागणाऱ्या दुकानदाराला या २२ रुपयांचा फटका रोज सोसावा लागतो, हे मान्य केलेच पाहिजे. त्याची समजूत पुण्याच्या गोष्टींनी घालणे योग्य नव्हे.

तरीही हिशेब पुरता मांडावा. खोटे बीजक हा कूटलेख आहे आणि कूटलेख हा तर दुसऱ्या, सत्य अणुव्रताचा अतिचार. म्हणजे २२ रुपयांत दोन व्रते जातात. व्यवहाराच्या अंगाने पाहिले तर मूल्य किंवा वर्णन खोटे आढळल्यास कलम १११ नुसार माल जप्तीस पात्र ठरतो. वर दंड आणि व्याज. हेतुपुरस्सर लपवालपवी असेल तर पाच वर्षे मागे जाऊन वसुली करता येते. त्याच प्रकारच्या मालाच्या इतर आयातींचे भाव अधिकाऱ्यासमोर संगणकावर असतात, त्यामुळे निम्म्या भावाचे बीजक नजरेस येण्यास वेळ लागत नाही. उरलेली निम्मी रक्कम ज्या वाटेने परदेशी जाते, तिच्यावर परकीय चलनाचा कायदा लागू होतो, तो निराळाच.

अंगाला लागणारा रंग

आयातीच्या नियमांतील सर्वांत दुर्लक्षित भाग रंगांचा आहे. ॲझो वर्गातील काही रंगांचे विघटन होऊन बेंझिडिनसारखी ॲरोमॅटिक अमाइन्स तयार होऊ शकतात आणि त्यांतील काही कर्करोगकारक आहेत. जर्मनीने १९९० च्या दशकात अशा रंगांवर बंदी घातली. भारतीय निर्यातदारांना तिची झळ प्रथम बसली. भारतानेही पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ च्या आधारे बेंझिडिनवर आधारित ४२ रंगांवर आणि पुढे १९९७ मध्ये आणखी ७० ॲझो रंगांवर बंदी आणली. युरोपीय संघाने २००२ मध्ये अशा अमाइन्ससाठी किलोमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा ठरविली.

आपल्या देशात निषिद्ध असलेला रंग परदेशी कापडातून येऊ नये म्हणून आयातदाराने निर्यातक देशातील मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे, माल रवाना होण्यापूर्वीचे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. ते नसल्यास येथे नमुना काढून ठरलेल्या प्रयोगशाळेत तपासला जातो आणि अहवाल आल्यावरच माल सुटतो. वस्त्र समिती अधिनियम, १९६३ अन्वये स्थापन झालेल्या वस्त्र समितीच्या प्रयोगशाळा हे काम करतात. तोवर बंदरात मालाचे भाडे चढत राहते. म्हणून परदेशी विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वीच प्रमाणपत्राची मागणी करणे शहाणपणाचे.

स्कार्फ तोंडाभोवती गुंडाळला जातो, घामाने ओला होतो, लहान मुले त्याचे टोक चघळतात. कुरकुंभच्या रासायनिक वसाहतीशेजारी राहणाऱ्यांना रसायनाचे भय वेगळे समजावून सांगायला नको. पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा निषेध आहे. रंगाचे प्रमाणपत्र न पाहता घेतलेला ढीगभर स्वस्त माल त्या निषेधाच्या किती जवळ जातो, याचा ज्याने त्याने विचार करावा.

लेबलावरचे सत्य

वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ आणि पॅकबंद वस्तूंविषयीचे २०११ चे नियम तराजू-मापांपुरते नाहीत. आयात केलेल्या पॅकबंद वस्तूवर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, वस्तूचे सामान्य नाव, नगसंख्या व लागू असेल तेथे माप, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हा तपशील हवा. पॅकबंद माल आणणाऱ्या आयातदाराने या नियमांखाली नोंदणीही करावयाची असते. सुट्या स्वरूपात विकल्या जाणाऱ्या कपड्यांना व होजिअरीला २०२२ मध्ये काही तपशिलांतून सूट मिळाली. तरी वस्तूचे नाव व आकार, कमाल किंमत, जबाबदार कंपनीचे किंवा आयातदाराचे नाव, पत्ता आणि ग्राहक सेवेचा क्रमांक यांतून सुटका नाही.

किरकोळ दुकानदाराने लक्षात ठेवावे, की या अधिनियमाचे कलम १८ केवळ आयातदारासाठी नाही. आवश्यक तपशील नसलेले पॅकेट विकणारा आणि विक्रीसाठी जवळ ठेवणारा, दोघेही त्याच्या कक्षेत येतात. "माल वरूनच असा आला" हे उत्तर पुरत नाही. लेबलावर केवळ परदेशी लिपीतील मजकूर असलेला, किमतीची चिठ्ठी हाताने लिहून चिकटविलेला माल फळीवर असेल, तर तो घाऊक व्यापाऱ्याला परत करणेच इष्ट.

मूळ देशाचा प्रश्न

काही देशांशी झालेल्या करारांमुळे तेथील मालावर शुल्क कमी किंवा शून्य असते. बांगलादेशातील वस्त्रांना साफ्टा कराराखाली २०११ पासून मोठी सवलत मिळाली. सवलत आली की तिचा दुरुपयोगही येतो: तिसऱ्याच देशातील माल सवलतीच्या देशातून फिरवून आणणे. त्याला आवर घालण्यासाठी २१ सप्टेंबर २०२० पासून मूळ देशाविषयीचे नवे सीमाशुल्क नियम, ज्यांना व्यापारी 'कॅरोटार' म्हणतात, लागू झाले. केवळ प्रमाणपत्र दाखवून भागत नाही. माल तेथे खरोखर कसा तयार झाला याची माहिती आयातदाराजवळ असावी लागते आणि ती पाच वर्षे जपावी लागते.

नियम बदलतात, हेही ध्यानी ठेवावे. मार्च २०२४ मध्ये काही कृत्रिम धाग्यांच्या होजिअरी कापडावर किलोमागे साडेतीन डॉलरची किमान आयात किंमत ठरविण्यात आली आणि पुढे तिची मुदत व व्याप्ती वाढली. १७ मे २०२५ रोजी बांगलादेशातील तयार कपडे जमिनीवरील चौक्यांतून आणण्यास मनाई झाली व न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोनच बंदरे खुली राहिली. मागील वर्षी आणलेल्या मालाच्या आठवणीवर या वर्षी मागणी नोंदवू नये. प्रत्येक खेपेपूर्वी नियम ताजे पाहून घ्यावेत.

तरुणांची पार्सले

समाजातील तरुण पिढी दुकानात न बसता मोबाइलवरून परदेशी माल मागविते आणि घरबसल्या विकते. उद्यमशीलतेचे कौतुकच केले पाहिजे. परंतु पार्सलावर 'भेट' असे लिहवून घेण्याची युक्ती कोणी सुचवीत असेल तर सावध राहावे. १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने टपाल व कुरिअरमार्गे भेट म्हणून शुल्कमुक्त माल आणणे बंद झाले. जीवरक्षक औषधे आणि राखी एवढाच अपवाद राहिला. स्कार्फ म्हणजे राखी नव्हे! प्रवासातील सामानाची सवलतही प्रवाशाच्या स्वतःच्या वापरासाठी असते. परदेशवारीहून परतताना बॅगेत आणलेले पन्नास मफलर दुकानात लावणे हा त्या सवलतीचा गैरवापर होय.

लहान व्यापाऱ्याने स्वतः आयात करावीच का, हाही विचार व्हावा. रंगाच्या चाचणीचे शुल्क, ब्रोकरचा मोबदला, कागदपत्रांचा खर्च हा शंभर नगांना आणि दहा हजार नगांना जवळजवळ सारखाच पडतो. थोड्या मालासाठी सरळमार्गी आयात परवडत नाही आणि मग आडमार्ग खुणावतो. शिरूर-दौंडच्या बहुतेक दुकानदारांना नोंदणीकृत आयातदाराकडून पक्क्या बिलाने माल घेणे, अथवा लुधियाना-तिरुप्पूरचा देशी माल घेणे, हेच अधिक किफायतशीर आहे.

गादीवरच्या चार गोष्टी

परदेशी माल खरेदी करताना चार गोष्टी तपासल्या तरी पुष्कळ साधते. पहिली, पक्के बिल, त्यावर वर्णन व दरपत्रकाचा क्रमांक आणि तो व्यवहार जीएसटीआर-२बी मध्ये दिसणे. विक्रेत्याने तो नोंदविला नसेल तर कराची वजावट मिळत नाही. दुसरी, लेबलावर आयातदाराचे नाव व मूळ देश. तिसरी, धाग्याची टक्केवारी, जी ग्राहकाला विचारण्याआधी सांगता यावी. चौथी, मोठ्या खरेदीत रंगाच्या प्रमाणपत्राची प्रत. बिल नसलेला स्वस्त माल कोठून आला हे न विचारता घेणे यालाच शास्त्रात चोरीचा माल घेण्याचा अतिचार म्हटले आहे. न विचारल्याने तो टळत नाही.

नगामागे २२ रुपयांचा जो फटका आधी सांगितला, त्यावर एकट्या दुकानदाराजवळ उपाय नाही. एकत्रित दुकानदारांजवळ आहे. दोन्ही गावांतील दहा-पंधरा दुकानांनी हंगामापूर्वी एकत्र मागणी नोंदवून एकाच नोंदणीकृत आयातदाराकडून किंवा देशी उत्पादकाकडून माल घेतल्यास भावात त्या फरकाचा काही भाग भरून निघू शकतो. संस्थेची वास्तू अशा बैठकीसाठी उपलब्ध आहेच.

संस्थांनाही यात कर्तव्य आहे. प्रत्येक समारंभात पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. वर्षाकाठी शाली बऱ्याच लागतात. त्या शाली कोणत्या धाग्याच्या, कोठल्या, बिलाच्या की बिनबिलाच्या, हे विश्वस्तांनी एकदा पाहावे. देणगीच्या पैशातून घेतलेली शाल साधी सुती असली तरी चालेल. ती सरळ मार्गाने आलेली असावी. असा ठराव या सुवर्णमहोत्सवी वर्षात झाला, तर सोलापूरचा आणि आसपासचा विणकरही दुवा देईल.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताचे अतिचार उच्चारले जातील, तेव्हा ज्यांच्या दुकानात मफलर-स्कार्फचा कप्पा आहे, त्यांनी त्या कप्प्यातील मालाची बिले एकदा नजरेसमोर आणावीत, एवढीच नम्र विनंती. संस्थेची पुढील वाटचाल अशीच धर्मनिष्ठ व समाजोपयोगी राहो, ही शासनदेवाचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!